झोपलेली जास्वंद

आई,

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय. कळ्यांच्या देठांशी, पानांच्या मागे, पीठ सांडावं तसा पांढरा थर. पुसला की बोटं चिकट होतात आणि चार दिवसांत स्वारी पुन्हा हजर. मुंग्या त्याला वाहून नेतात, त्यामुळे आता मिरचीवरही दिसतो. इथे सिंगापुरात, हौगांगच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरच्या कठड्याशी ठेवलेल्या चार कुंड्या म्हणजे माझी बाग, आणि तेवढ्यातच मी हात टेकलेत.

तू असतीस तर राख फुंकली असतीस, तंबाखूचं पाणी मारलं असतंस. अळी दिसली की तू सरळ चपलेने चिरडायचीस, दयामाया नाही. पण दिवे लागल्यावर त्याच झाडाला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. एकदा बाबांचे साहेब जेवायला आलेत, आमटीची फोडणी तडतडतेय आणि मी कढीपत्ता आणायला मिरजेच्या आपल्या परसात निघालेय. तू उलथनं घेऊन आडवी येतेस. "झोपलंय ते झाड. तशीच होऊ दे आमटी." साहेबांनी बिनकढीपत्त्याची आमटी मुकाट खाल्ली. मला तुझा भयंकर राग आला होता.

आणि तोच नियम मी इथे पाळत बसले. या शहरात बारा महिने सातच्या सुमारास अंधारतं. शहराच्या दुसऱ्या टोकाचं, वन-नॉर्थचं ऑफिस आटपून, एमआरटीच्या गाडीत उभ्याने लोंबकळत मी घरी पोचते तेव्हा झाडं झोपलेली, कीड जागी आणि मी दमलेली. म्हणून गेल्या रविवारी भर उन्हात कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारलं. संध्याकाळपर्यंत पानं करपली. शेजारच्या चिनी आँटीच्या मिरच्यांवर माझीच कीड गेलीय, तरी ती बिचारी हळहळली. "आफ्टरनून कॅनॉट लाह! सन बर्न द लीफ. नाइट देन स्प्रे." मी म्हटलं, आमच्यात रात्री झाडं झोपतात. ती हसली नाही. "स्लीप ऑल्सो कॅन डाय," म्हणाली. या आठवड्यात कीड आवर, नाहीतर कुंडी टाकून दे, हेही बजावून गेली. तिचं काय चुकलं?

आज घरी आले ती पर्ससुद्धा न ठेवता कुंडीपाशी बसले. कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटखाली एकेक पान उलटं करून पुसलं, फवारलं. करपलेल्या फांद्या छाटल्या. जगेल बहुतेक.

हे मोबाइलवर लिहितेय, पाठवायला नंबर नाही. झाडं झोपतात यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आई. पण तू गेल्यापासून मला 'नको' म्हणणारं कुणी नाही. तेवढं एक तुझं 'नको' मी जपून ठेवलं होतं. आज फवारून झाल्यावर जरा वेळ तशीच थांबले, तू ओरडशील म्हणून. कुणीच ओरडलं नाही.