आईच्या बाजूचा ब्रेक

आबा,

आमच्या गाड्यांना ब्रेक नसतो. पुढच्या चाकाला नाही, मागच्याला नाही, हाताशी नाही आणि पायाशीही नाही. हे तुम्हाला कसं सांगावं याचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे. अक्कलकोट रस्त्यावर तुम्हाला सगळे ब्रेकवाले मिस्त्री म्हणून ओळखायचे, आणि अजूनही एखादा म्हातारा ड्रायव्हर गॅरेजच्या दारात गाडी उभी करून आधी तुम्हालाच विचारतो. तुम्ही गेल्याला जमाना झाला असं सांगितलं की तो माझ्या हातांकडे जरा संशयाने बघतो, चहा पितो आणि नाइलाज झाल्यासारखी किल्ली माझ्याकडे देतो. अशा माणसाचा मुलगा बिनब्रेकच्या मोटरसायकलींच्या नादी लागला हे ऐकून तुम्ही काय केलं असतं? पान्हा फेकून मारला असता, की आधी गाडीखाली वाकून बघितलं असतं? मला वाटतं, आधी वाकून बघितलं असतं. पान्हा नंतर.

खेळ असा आहे. मुरमाचा लंबगोल ट्रॅक, त्यावर पाणी मारून रोलर फिरवलेला. एका शर्यतीत चौघे जण, फेऱ्या चार, आणि वळायचं फक्त डावीकडे. गाडीला गियर एकच. वळण आलं की रायडर गाडी आडवी टाकतो, डावा पाय जमिनीवर सोडतो, त्या पायाच्या बुटाला लोखंडी तळवा असतो, आणि वेगाची मूठ कमी न करता उलट वाढवतो. मागचं चाक बाहेर सरकतं आणि त्या सरकण्यातच गाडीचा वेग मोडतो. ब्रेक का नाही, तर मध्येच एकाने ब्रेक दाबला तर मागचा त्याच्या अंगावर येणार. म्हणजे माणसं पडू नयेत म्हणून ब्रेक काढून टाकलाय. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुमचा चेहराच दिसला. तुम्ही दोन दिवस वाद घातला असता, तिसऱ्या दिवशी म्हणाला असता, चल दाखव.

तुम्हाला आठवतं का, एकदा मी गिऱ्हाइकाची मोटरसायकल घेऊन मागच्या पडीक जागेत गोल गोल फिरवत होतो? मिसरूड फुटायच्या वयातला असेन. तुम्ही आलात, किल्ली काढून घेतलीत आणि सगळ्या कामगारांपुढे मला असं झाडलंत की शेजारचा पंक्चरवालासुद्धा काम सोडून बघत राहिला. "लोकाची गाडी हाय ती, तुज्या बाची न्हाय!" असं तुम्हीच, माझ्या बापाने, मला सुनावलंत. त्या दिवशी हसायची हिंमत कुणाला झाली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तुम्ही शेंगाची चटणी आणि दही कालवत होतात, आणि मान वर न करता हळूच विचारलंत, "मागलं चाक सरकलं तवा काय वाटलं रं?" मी अजून फुगलेला होतो. "काय न्हाय," म्हटलं. तुम्ही परत विचारलं नाहीत. तुम्हाला नक्की काय ऐकायचं होतं, याचं कुतूहल मला आता वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

आता मी आमच्या सोलापूरच्या संघाचा मिस्त्री आहे, व्यवस्थापकही मीच आणि चहा सांगणाराही मीच. राष्ट्रीय अजिंक्यपदात आम्ही लागोपाठ दोन वर्षं दुसरे आलो होतो, आणि दुसरं येणं हे शेवटचं येण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतं. आमची सगळ्यात वेगवान रायडर एक मुलगी आहे. तिच्या वडिलांचे चादरीचे माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि गाडी नीट सुरू झाली नाही की ही तेलुगूत काहीतरी पुटपुटते. त्याचा अर्थ मी कधी विचारलेला नाही. मला ती काका म्हणते. या मोसमात अंतिम फेरीच्या आधीच्या शर्यतीत तिच्या पुढेच आमचाच दुसरा रायडर पडला. माळशिरसकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा. हिचं चाक त्याच्या हेल्मेटला घासून गेलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, ते आता जुळलंय आणि तो घरी मजेत आहे. पण हिच्या उजव्या पायात काहीतरी बिघडलं.

बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं. मी गुडघ्यावर बसून बघत होतो म्हणून दिसलं. वळण जवळ आलं की तिचा उजवा पाय पायदानावरून सुटायचा आणि पुढे काहीतरी शोधायचा. रस्त्यावरच्या गाडीला जिथे मागचा ब्रेक असतो, तिथे. तिथे हवाच होती. तेवढ्यात तोल जायचा, गाडी बाहेर फेकली जायची आणि बाकीचे आतून निघून जायचे. सरावात रोज हेच. मी म्हटलं, "या खेपेला बस खाली. राखीव पोरगा हाय की." ती हेल्मेट काढून म्हणाली, "काका, आता बसले तर परत कदीच चढनार न्हाई मी. मला ठाऊक हाय मी कशी हाय ते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला आवडलं नव्हतं. करंडक गेला तर पुढच्या वर्षी परत खेळता येतो. ती गेली तर काय करायचं, हे मला कळेना.

आणि मला तुमची जीप आठवली. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला घेतलेली, रविवारी मात्र आपल्याला घेऊन आईच्या माहेरी करकंबला जाणारी. आई तुमच्या शेजारी बसायची आणि समोरून उसाची ट्रॉली दिसली की दोन्ही पाय पत्र्यावर रोवून ओरडायची, "हळू हाणा की ओ!" तुमचा अपमान व्हायचा. "ब्रेकचा मिस्त्री मी, अन् माज्याच गाडीत माजीच बायकू बोंबलती," असं तुम्ही करकंब येईपर्यंत म्हणत राहायचात. मग एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही भंगारातलं एक पेडल घेतलंत, घासून चकचकीत केलंत आणि तिच्या पायाशी बसवलंत. "हा तुजा ब्रेक. भ्या वाटलं की दाबायचा." मी खाली डोकं घालून बघितलं. पेडलखाली एक स्प्रिंग होती आणि स्प्रिंगखाली पत्रा. पुढे काही नाही. तुम्ही माझा कान धरून म्हणालात, "तिला बोलायचं न्हाय." त्या दिवसापासून आई ओरडायची बंद झाली. ट्रॉली दिसली की शांतपणे पेडल दाबायची, आणि मागे बसलेल्या मला एक गोष्ट दिसायची. तिचा पाय हलला की तुम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचात आणि खरोखर गाडी हळू करायचात.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मी आमच्या त्या पोरीच्या गाडीला उजव्या पायदानापुढे एक लोखंडी पट्टी वेल्ड केली. ती समोर उभी राहून बघत होती, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. "हे कशाला जोडलंय काका?" "कशालाच न्हाय." "मग?" "पाय शोधतूय न्हवं? सापडू दे की त्याला." तिने बुटाने पट्टी दोनदा दाबून बघितली, मग चढली, आणि पाय न सुटता पहिलं वळण घेऊन आली. हे कसं झालं ते मला अजून समजलेलं नाही. आईचं पेडल दाबलं की निदान तुम्ही तरी होतात. हिच्या पेडलच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काय की काका. पायाला काम लागलं, मग डोक्याला सुट्टी मिळाली."

सकाळी तपासणीचे अधिकारी आले, चांगले सभ्य गृहस्थ, पण पट्टी बघून थबकले. "हे काय? ब्रेकला परवानगी नाही." मी म्हटलं, ब्रेक नाही साहेब. त्यांनी पट्टी हाताने दाबून बघितली, मग वाकून खालून बघितलं, तार शोधली, मग आणखी वाकले आणि जमिनीवर हात टेकवून आडवेच झाले. तुमची खरंच आठवण आली. उठून धूळ झटकत म्हणाले, "ब्रेक नाही हे खरं. पण मग हे आहे काय?" त्यांनी पट्टीचे कोपरे कानशीने गोल करायला लावले आणि गाडी पास केली. जाताना पुन्हा एकदा वळून बघून गेले.

शेवटच्या शर्यतीवर सगळं येऊन थांबलं. तिने एकाला जरी मागे टाकलं तरी करंडक आमचा, शेवटची आली तर परत दुसरे. सुरुवातीची आडवी दोरी वर गेली आणि ती चौथी निघाली. पहिल्या फेरीत चौथीच. पण वळणावर मी बघत होतो ते तिच्या पायाकडे, आणि पाय जागेवर होता, पट्टीवर घट्ट. दुसऱ्या फेरीतही मागेच, तिसरीत पुढच्याच्या चाकाशी आली. ज्या वळणावर मागच्या खेपेला आमचा पोरगा पडला होता तसल्याच वळणावर पुढच्याची गाडी डगमगली. तिने मूठ सोडली नाही. बाहेरून, कडेच्या फळ्यांना लागून, मुरूम उडवत निघून गेली. ती तिसरी आली आणि आम्ही पहिले. पोरांनी तिला खांद्यावर घेतलं आणि ती तेलुगूत जे काही ओरडली त्याचा अर्थ यावेळी विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती आता थकली आहे, पण कान तिखट आहेत. पट्टीचं ऐकून खुदकन हसली. मी म्हटलं, तुला आता सांगायला हरकत नाही, तुझ्या जीपमधलं पेडलही तसंच होतं. "मला काय खुळी समजतूस व्हय?" ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी गाडी झाडताना बगितलं की मी. नुसती स्प्रिंग हुती." मी चाट. मग इतकी वर्षं दाबत का होतीस? "दाबलं की ते हळू घ्यायचे की. मग ब्रेकच न्हवं का तो?" आणि तुला कळलंय हे आबांना माहीत होतं का? तिने माझ्याकडे बघून हात झटकला. "ते मी कशाला इचारू?"

म्हणून तुम्हाला विचारतोय. माहीत होतं का, आबा? तुम्ही तिला फसवत होतात, की ती तुम्हाला फसवू देत होती, की दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि करकंबच्या रस्त्यावर माझ्यापुढे तुम्ही नवराबायको एकमेकांचं मन राखत होतात? मी मागच्या बाकावर होतो, सगळं बघत होतो, आणि मला वाटायचं की गुपित फक्त आपल्या दोघांचं आहे. उत्तर मिळणार नाही हे कळतं. पत्र टाकणार तरी कुठे? तुमचा मला माहीत असलेला एकच पत्ता म्हणजे हे गॅरेज, आणि मी तिथेच बसून लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र संघातल्या कुणाला सांगितलेली नाही, आईलाही नाही. तिसऱ्या फेरीत ती पुढची गाडी डगमगली तेव्हा सगळे कठड्याला धरून "ओढ, ओढ!" असं ओरडत होते. मीही ओरडत होतो, घसा बसेपर्यंत. तोंडाने ओढ म्हणत होतो, आणि मनात एकच चाललं होतं. मूठ सोड पोरी. मागं ऱ्हा. हरलो तरी चालंल.