म्या सेनच्या काखेतली जखम

सागाची छावणी, चिंडविन नदीचा वरचा काठ, ब्रह्मदेश
८ ऑगस्ट १९७१

वंदनीय ताईस,
धाकट्या पे माँगचे तीन वेळा वाकून नमस्कार.

तू साध्वी झालीस म्हणून शिव्या देत नाही, एवढंच. तू लिहिलंस, जिथं आहेस तिथं राहा, श्वासावर ध्यान ठेव. ठेवलं! हत्तिणीच्या मानेवर डोळे मिटून बसलो. म्या सेन सरळ बांबूच्या बेटात शिरली, फोक माझ्या तोंडावर फाडकन बसला. ओठ सुजलाय. छावणीत सगळे मला ‘अर्हत’ म्हणतात.

मुकादम म्हणतो, चाळीस ओंडके ओढ्याला लागले की रजा. झालेत अकरा. ही बया साखळी बांधली की पाय रोवते. वर्षावास संपला, दिव्यांची पौर्णिमा झाली, की लग्नं सुरू. तेव्हा मी गावात नसलो तर तो होडीवाला नीन व्हेला मागणी घालणारच. मी इथं ‘आत्ता’त बसून काय करू?

तुझा वैतागलेला,
पे माँग


सगाइंग, २६ ऑगस्ट

चि. पे माँग,
तुझं भलं होवो.

डोळे मिटायला कुणी सांगितलं होतं, शहाण्या? आम्ही डोळे मिटून भात रांधला तर अख्खा मठ उपाशी राहील. हत्तिणीवर असताना हत्तीण बघ. घाण्याच्या बैलासारखा पौर्णिमेभोवती फिरू नकोस.

मीही काही मोठी नाही. परवा आपल्या गावात नीन व्हेच्या दारी तांदळाच्या भिक्षेला गेले. डोक्यात तुझीच काळजी. तांदूळ घेतले आणि आशीर्वाद न म्हणताच निघाले. तिच्या आजीनं हाक मारून चारचौघांत सुनावलं, म्हणाली, बाई, घेतलंस खरं, आशीर्वाद कुणी द्यायचा? नीन व्हे तोंडावर हात धरून हसत होती.

ओठाला हळद लाव. लोभ आहेच, राग आला तरी लिही.
ताई


छावणी, १९ सप्टेंबर

वंदनीय ताईस,
वाकून नमस्कार.

तुझं ऐकून चूक केली. चार दिवस म्या सेनकडे नुसता बघत राहिलो. उजवा पाय टाकताना ती कान हलवायची थांबते. साखळीचा छातीवरचा पट्टा सोडून काखेत हात घातला, तर बोटं पुवानं भरली. तळहाताएवढी जखम, ताई! रोज तिला आंघोळ घालतो. हात तिच्यावर, डोकं गावात. वर चिडून अंकुशही मारला होता.

मुकादम म्हणाला, मलम लाव आणि ओढ, एकवीस झालेत, होईल तुझी रजा. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण एकदा दिसलेली जखम न दिसल्यासारखी कशी करू? दोन महिने तिला साखळी नको, असं मीच सांगितलं. रजा गेली. तुला आनंद झाला असेल. मला नाही. काल सगळ्यांवर खेकसलो, जेवलोही नाही.

सोबत घडी घातलेला कागद नीन व्हेसाठी आहे. तिला आजवर एक ओळ लिहिली नव्हती, समोर उभा राहूनच विचारीन म्हणत होतो. आता इथूनच विचारलंय. साध्वीनं असले कागद पोचवू नयेत, ठाऊक आहे. पोचव. आणि या वेळी आशीर्वाद म्हणायला विसरू नकोस.

तुझाच,
पे माँग