पिवळा दिवा आणि मुखेडची चक्कर

उदगीर

तीर्थरूप केवळाअक्का,

नरसिंगचा दंडवत. गुडघा कसा हाय? तेल चोळतीस, का नुसती बाटलीकडं बघतीस? माझी तब्येत ठणठणीत. बिघाड गाडीला झाला.

गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझंना. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय. (तुझी भावजय रुद्राणी होती तोवर मला हिची गरज कळली नाही. रस्त्यात म्हैस दिसली की शेजारी बसून तीच पाय दाबायची, तिथं ब्रेक नसला तरी.) साधे ब्रेक लागत होते. पण गुरुबसप्पा मिस्त्री म्हणाला, चाकाचा सेन्सर गेला. तो बदलला, दिवा तसाच. मग त्यानं गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला, तर मॉड्यूल, म्हणजे या ब्रेकांचा मेंदू, मधूनच बोलायचं बंद होतंय असं दिसलं. (मी म्हणालो, एकट्यानं राहिलं की होतं तसं. तो हसला नाही.)

मेंदू बदलायच्या आधी त्यानं तारा तपासल्या. बॅटरीखालची अर्थिंगची तार गंजून ढिली झाली होती. गाडी आदळली की मॉड्यूलचा करंट तुटायचा. तार घासून आवळली आणि तो म्हणाला, "गुरुजी, आता खड्ड्यातून चालवून बघू." आपल्याकडं खड्डे शोधावे लागत नाहीत. मी मुखेडचा रस्ता धरला. तो मांडीवर स्कॅनर घेऊन शेजारी बसला, आणि मी बोलत सुटलो: रुद्राणीचं वरण, पोराचे पुण्याहून मोबाईलवर येणारे नुसते अंगठे, बंद पडलेली आमची भिशी. दिवा काही लागला नाही. "झालं की गुरुजी, वळवा." मी म्हणालो, अजून जरा खात्री करू. शेवटी त्यानं स्कॅनर पिशवीत घातला आणि मुकाट ऐकत बसला. लई भला माणूस.

तर गाडी दुरुस्त, मी मजेत. काळजी करू नको.

तुझा नरसू

ता. क. आम्ही पार मुखेडात तुझ्या दारापुढून गेलो. तू ओट्यावर बायकांत बसून मिरच्या निवडत होतीस, हसत होतीस. थांबलो नाही. "जेवतोस का रे?" एवढंच तू विचारलं असतंस, आणि मिस्त्रीपुढं मला रडू आलं असतं.

आणखी ता. क. गुरुवारी एकटाच येतो. चार लुगडी बांधून ठेव, इकडं राहायला चल. मिरच्या उरल्या असतील तर त्याबी घे. ओटा इथंबी हाय, बायका तेवढ्या तुलाच जमवाव्या लागतील.