भंडाऱ्याची पिशवी

२२ फेब्रुवारी, रविवार
मशीनची पिशवी गच्च भरली तरी आता बदलायची नाही, असं ठरवलं.
वन्सं काटेवाडीहून आल्या होत्या. जेवल्या, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "वहिनी, आईला सहा म्हैनं हितं, सहा म्हैनं इंदापूरला. किती फिरवायचं? गाठोडं हाय का माणूस? त्यात दमेकरी. ज्या घरात धूळ कमी, तितं कायमची राहू दे." ह्यांनी लगेच मान डोलवली. ह्यांचं काय जातं. हे दिवसभर दुकानात, सासूचं, आत्याबाईंचं, करणार मी.
डॉक्टरांनी केरसुणी बंद सांगितली तेव्हा दिवाळीत दोन्ही घरांत केर ओढायचं मशीन आलं. आमचं डब्याचं, पिशवीवालं. इंदापूरच्या धाकट्या जावेचं, संगीताचं, दांड्याचं, बॅटरीवालं. आता वन्सं दोन्ही शेजारी ठेवून बघणार. ज्या घरचं मशीन चांगलं, आत्याबाई त्या घरी.
म्हणजे आमचं वाईट ठरलं पाहिजे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
संगीताचा फोन. आवाजात नुसती साखर. "अक्का, तुमच्या मशीनची ओढ लई हाय हो. माझं म्हंजी खेळणं."
म्हटलं, "अगं, तुझं हलकं. पलंगाखाली सरळ जातं. आत्याबाई थुंकतात ते पलंगाखालीच."
दोघी हसलो. तिनंच आधी फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. एकादशी.
फक्त ताक घेतलं. जप झाल्यावर मशीन काढलं. इथं खरं लिहायला हरकत नाही. आमचं चांगलं आहे. शेतातून उडून आलेली उसाच्या जळक्या पाचटाची काजळी एका फेरीत उचलतं. घोंगडीतून इतकी माती काढली की घोंगडीचा रंग कळला. आवाज गिरणीसारखा, वायर तोकडी, एक चाक निखळलेलं. पण मोटर दमत नाही.
संगीताचं संक्रांतीला चालवून बघितलंय. पहिल्या खोलीत झकास, दुसऱ्या खोलीत धाप लागते, आत्याबाईंसारखी. ब्रशला केस गुंडाळतात, ते कात्रीनं कापायचे. झाकणाची कडी तुटली ती दोऱ्यानं बांधलीय. केर ओतताना निम्मा परत खाली.
टिकेल ते आमचंच. तेच नडणार.
पिशवी तशीच. जाळीही धुतली नाही. कालपासून ओढ कमी झालीय. होऊ दे.

४ मार्च, बुधवार
वन्संचा निरोप. रविवारी आमच्याकडे खंडोबाची तळी भरायची आहे. भंडारा उधळला जाणारच, बाहेरची आणि देवाची, दोन्ही खोल्या पिवळ्या होणार. एक खोली आमच्या मशीननं काढायची, एक संगीताच्या. मग आत्याबाईंना एकेका खोलीत बसवायचं. ज्या खोलीत खोकला येईल ते मशीन हरलं.
खोकल्याची कल्पना संगीताची. मला का नाही सुचली.

६ मार्च, शुक्रवार. संकष्टी.
दिवसभर एकच घोर. त्या पिशवीत काय काय आहे. केस, नखं, झुरळं, पालीची लेंडी. त्यात देवाचा भंडारा ओढायचा? भंडारा पायदळी येऊ नये म्हणून आम्ही फडक्यानं टिपून घेणारी माणसं. संगीता खुशाल ओढेल, तिच्या घरी देवाला दिवा लागतो की नाही देव जाणे.
ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग फडक्यानं टीप." वन्सं ऐकतील का? त्यांना मशीन बघायचंय.
चंद्र दिसेपर्यंत काही सुचलं नाही. दिसल्यावरही नाही.

७ मार्च, शनिवार
नवी पिशवी घातली. एकच शिल्लक होती. जाळी तुळशीपाशी बसून धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. नळी आतून पुसली. गोमूत्र शिंपडलं.
चालवून बघितलं तर लुगड्याचा काठच आत ओढून घेतला. दिवाळीतसुद्धा इतकं ओढत नव्हतं.
खंडेराया, तुझ्यासाठी केलं. आता तू बघ.

८ मार्च, रविवार
तळी झाली. येळकोट झाला. घर, माणसं, पंखे, सगळं पिवळं.
दीर आत्याबाईंना घेऊन आले. संगीता मशीन कडेवर मूल आणावं तसं घेऊन आली. बाहेरच्या खोलीत चालू केलं. निम्म्यात बंद. "चार्जिंगला लावायचं राह्यलंच बघा, अक्का." डोळा मात्र माझ्याकडे. मी देवाच्या खोलीत लागले. एका फेरीत फरशी आरशासारखी. माझ्याच हातानं.
आत्याबाईंना आधी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पंखा लावला. असा खोकला लागला की तोंड काळंनिळं. वन्सं पाठ चोळतायत आणि संगीता म्हणते, "बगा! बगा, मी म्हणलंच हुतं!" लग्न जमल्यासारखा आनंद.
मग आमच्या खोलीत. लुगड्यावर भंडारा तसाच, धाप तशीच. पण बसल्या. पदराचा बोळा तोंडाशी धरला. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा ताठ. एकदासुद्धा खोकल्या नाहीत.
वन्सं म्हणाल्या, "झालं तर. पाडव्यापासनं आई हितंच. कायमची."
जाताना संगीता माझ्या पाया पडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

१० मार्च, मंगळवार
मशीन जिंकलं नाही. म्हातारीनं जिंकवलं. समोर उभी होते मी. खोकला आला नव्हता असं नाही, घशात दाबला. सगळ्यांसमोर मला धरलं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.
गुढी उभारली. दुपारी आत्याबाई आल्या. एक ट्रंक, घोंगडी, औषधाची पिशवी. दीर उंबऱ्यातूनच परत गेले, लोणी देवकरच्या कारखान्यात पाळी आहे म्हणे. सणाच्या दिवशी.
मागची खोली दिली. पुरण वाटता वाटता सरळ विचारलं, "त्या दिवशी तिथं खोकलात. इथं का नाही?"
"आला हुता. गिळला."
"का?"
"तू शिव्या देतीस. पर देतीस तरी. तितं सकाळधरनं दिवे लागंपातूर माझ्याशी कुणी बोलत न्हाय. भिताडाकडं बघायचं आन् जेवायचं."
मी काही बोलले नाही. आजच्या दिवस तिथल्यासारखंच वाटू दे. एक पोळी वाढली. दुसरी त्यांनी मागितली नाही.

२३ मार्च, सोमवार
मशीन बंद ठेवलंय. पिशवीत भंडारा आहे, त्यावर केर ओढायचा नाही. घंटागाडीत टाकायचा नाही. वाहत्या पाण्यात सोडायचा. कालवा कोरडा, पाण्याचं आवर्तन सुटायचंय.
हे म्हणाले, "भंडारा डब्यात काढ, देवापाशी ठेव. मशीन मोकळं होईल."
"मशीनच्या पोटातलं देवापाशी?" म्हटलं.
"मग दुसरी पिशवी आण."
"पिशव्या झाडाला लागतात?"
तोवर केरसुणी. मी झाडायला लागले की आत्याबाई ओट्यावर जाऊन बसतात. ऊन असतं. बसतात.

२८ मार्च, शनिवार
वन्संचा फोन चालू असताना मागच्या खोलीत खोकला. "वहिनी, आईच का ही? मशीन हाय न्हवं तुमच्याकडं?"
सांगितलं, पिशवीत भंडारा आहे, कालव्याला पाणी नाही, मी तरी काय करू.
"मग न्हाय भागत तर संगीताकडं धाडायची का परत? ती मशीन दुरुस्त करून घेती म्हणली."
म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, वन्सं." जरा मोठ्यानंच म्हटलं.
मागच्या खोलीतला खोकला एकदम थांबला. फोन ठेवेपर्यंत एकही नाही. ठेवल्यावर बघायला गेले तर उशी तोंडावर धरून बसलेल्या.
"वन्संना काय सांगू?" विचारलं.
उशी बाजूला केली. "बरी हाय म्हणून सांग."
वन्सं बुधवारी येऊन बघणार आहेत.

३१ मार्च, मंगळवार
सकाळी गच्चीवर कुरडया घालायला गेले. कालवा काठोकाठ. गढूळ पाणी, उन्हात चमकतंय. पलीकडची बाई काठावर गोधड्या धुवायला बसलीसुद्धा. गच्चीवरून हात जोडले. खाली आले.
मशीन कोपऱ्यात, वर फडकं. पिशवी आत. उद्या बुधवार.
केरसुणी घेतली. आज आत्याबाई ओट्यावर गेल्या नाहीत, पाय दुखतात म्हणाल्या. पलंगावरच बसल्या, पदर तोंडात. पाटाच्या पाण्याचा आवाज त्यांना माझ्याआधीपासून ओळखीचा.
"थोरले, कालव्याला पाणी आलं का गं?"
म्हटलं, "कुठं?"
आणि पलंगाखाली केरसुणी घातली.