शेवटच्या थांब्यावरचा समुद्र

धाकटे,

आशीर्वाद. मी आणि माझी शेजारीण सुखरूप पोचलो, तेव्हा रडारड बंद कर.

बस बदलून बदलून कंबरेचा भुगा झाला. शेजारीण म्हणाली, "तू झोप, मी जागी आहे." मीही तिला तेच म्हणाले. मग काय, दोघी घोरलो! उतरायचं गाव गेलं मागे. कंडक्टर ओरडला, "आजी, शेवटचा थांबा! घरदार आहे की नाही?"

उतरून बघतो तर समोर समुद्र! अगं, अख्खा! ऑपरेशनच्या आधी बघायचा होता, बघितला. डाव्या डोळ्याला धुकंच दिसतं, पण उजव्याने पोटभर बघितला. पाण्यातही उतरले. ओरडू नकोस, शेजारणीने धरलं होतं.

तुझा गुडघा शेकतेस ना?

आता डॉक्टर खुशाल डोळा कापू दे. मी भीत नाही. तू मात्र त्या दिवशी ये.

तुझी थोरली