काकूंची मांडी म्हणजे घर

मार्गशीर्ष वद्य ११, शके १८६०

जिंतूरहून कमलकाकू आल्या. एकट्याच! गोविंदकाका म्हणे पुढे कधीतरी येतील. बैलांच्या दमणीतून उतरल्या त्या सरळ आमच्या धाकट्या बन्सीकडे बघत. मी दारातच उभी होते, पण माझ्यावर नजर पडली ती पाय धुऊन झाल्यावर.

गोविंदकाका अण्णांचे चुलतभाऊ. घर मोठं, जमीन मोठी, मूलबाळ नाही. म्हणून काकू आल्या की आई मला आधीच दटावून ठेवते, लेकराबाळांचा विषय काढायचा नाही. मी कशाला काढते?

मला खण आणला, बन्सीला लाडू. लबाडाने एकटा बसून खाल्ले. सातवं सरलं, येत्या वर्षी मुंज, आणि अक्कल अजून पाळण्यातली.

वद्य १३

बन्सी काकूंच्या वाऱ्याला उभा राहत नाही. त्यांनी हाक मारली की आईच्या पदरामागे. काकू हसतात, पण त्यांना लागतं. एवढीशी गोष्ट आईने इतकी मनावर का घ्यावी कळत नाही. दोनदा डोळे पुसताना पाहिलं. म्हणे चुलीचा धूर!

वद्य १४

उद्या वेळ अमावस्या. घरभर भज्जीच्या, म्हणजे मिसळभाजीच्या, भाज्या निवडायला पडल्यात, आंबील मुरायला ठेवलीय. अण्णा पाथरीच्या कचेरीतून दुपारीच आले. उद्धवदादा मात्र औरंगाबादेहून येणार नाही, त्याची परीक्षा आहे.

आईने मला परसात नेऊन सांगितलं, "काकूंना करमत नाही गं. उद्या शेतात त्यांनाही खेळात घे. बन्सी तुझंच ऐकतो." आई माझी अशी तारीफ कधी करत नाही. लय बरं वाटलं!

अमावस्या

हात दुखतोय तरी लिहिते. असा दिवस पुन्हा येणार नाही!

थंडी इतकी की बैलांच्या नाकातून वाफा. आश्रुबाने — आमचा सालगडी — कडब्याची कोप, छोटं खोपटंच ते, आधीच घालून ठेवली होती. आत चुना लावलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा झाली, शेताला आंबील शिंपून झालं, की आम्ही दोघं मोकळे. ज्वारी बन्सीच्या डोक्यावरून वर. आत शिरला की नुसती कणसं हलताना दिसायची.

आधी बोरं. मग चिंचेला बांधलेला झोका. मग शिवणापाणी. काकू कोपीच्या सावलीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. आईचं बोलणं आठवलं. आता काकूंना पळवायचं कसं? मग मला सुचलं — काकूंची मांडी म्हणजे घर! तिथे जाऊन बसला त्याला शिवायचं नाही.

बन्सी आधी बिचकला. मीच ओरडले, पळ, घरात जा, नाहीतर राज्य येईल! मग जो धावला तो थेट काकूंच्या मांडीवर पालथा. काकू दचकल्या. त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग ठेवले त्याच्या पाठीवर. पुढे दुपारभर तेच. मी मागे, तो पुढे, आणि काकू हात पसरून "ये, ये" करताहेत. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आणि बन्सीचं काय सांगू! एकदाही रडीचा डाव खेळला नाही. पडला, गुडघा फुटला, तरी माती लावून पुन्हा उभा. एरवी राज्य आलं की पोट दुखतं त्याचं. आज स्वतःहून घेत होता. आई शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बघत होती. जेवली नाही. उपास का, विचारलं, तर म्हणाली भूक नाही.

संध्याकाळी आश्रुबाने गवताचा पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवला. येताना बन्सी गाडीत माझ्या खांद्यावर झोपला. लाळ गाळून लुगडं भिजवलं. गधडा!

पौष शुद्ध ३

काकू गेल्या. बन्सी दमणीमागे वेशीपर्यंत पळाला. मी केलं हो हे, मी!

संक्रांत

बायनाबाई, आश्रुबाची बायको, ओला हरभरा आणि बोरं घेऊन आली. बन्सीच्या वाटची बोरं मी वेगळी काढायला लागले. तर म्हणाली, "ठिवा ताई, ठिवा. पुढल्या सालाला आपल्या रानातलं बोर कुठं घावायलंय त्याला. माघात जिंतूरचा होनार की लेकरू."

मी विचारलं, म्हणजे? तिने जीभ चावली. "मला वाटलं तुमाला ठावं हाय."

नाही. मला ठावं न्हाई. गड्याला ठाऊक, गड्याच्या बायकोला ठाऊक, पाणी भरणाऱ्याला ठाऊक असेल, वेशीतल्या मारुतीलाही असेल. घरात फक्त मला नाही!

आईकडे गेले. ती सुगडात हळकुंड घालत होती, घालतच राहिली. हो, म्हणाली, दत्तक. काकांचा वंश बुडतो. मुंजीच्या आत द्यायला हवं, एकदा मुंज झाली की मूल या गोत्राचं पक्कं होतं. थोरला मुलगा देत नाहीत, म्हणजे उद्धव नाही. उरला बन्सी. वांगी निवडल्यासारखं सांगितलं तिने.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्याला काकूंपाशी जाऊ दिलं असतंस?"

नसतं. तेच. म्हणूनच. बन्सी तुझंच ऐकतो! अण्णांचं ऐकत नव्हता, आईचं ऐकत नव्हता, म्हणून मला पुढे घातलं. आणि मी गाढवीण, हसत हसत, माझा भाऊ माझ्याच हाताने त्या मांडीवर नेऊन बसवला. केसाने गळा कापला माझा. परक्याने नाही, आईने!

दुसरा दिवस

तिळगूळ घेतला नाही. गोड कशाला बोलू?

पौष वद्य १३

आईने बजावलंय, बन्सीपुढे हा विषय काढायचा नाही. म्हणजे त्यालाही अंधारातच नेणार. मलूल दिसतो. त्याला काहीतरी वास लागला असेल का? आज दोनदा वाटलं सांगून टाकावं. तो परसात भोवरा फिरवत होता. म्हणाला, ताई, बघ किती वेळ फिरतो. मी बघत बसले. सांगितलं असतं तर काय केलं असतं त्याने? रडून घर डोक्यावर घेतलं असतं. मग त्याला फरपटत नेलं असतं. नाही सांगितलं.

मीही त्यांच्यातलीच झाले.

माघ शुद्ध ५

झालं.

होम पेटला. काकांनी हात पुढे करून मुलगा मागितला. अण्णांच्या हातावर आईने पाणी सोडलं. अण्णा म्हणाले, दिला. एवढाच शब्द. गाय देताना याहून जास्त बोलतात.

गुरुजींना धाकधूक होती, लेकरं ऐनवेळी आकांत करतात म्हणे. दोन बाया धरायला उभ्या होत्या. मी डोळे मिटून घेतले — मला वाटलं आता माझ्या नावाने हाक येईल. हाक आली नाही. बघते तर आपणहून चालत गेला आणि काकूंच्या मांडीवर बसला. साऱ्यांनी वाहवा केली, काय शहाणं लेकरू! तो गर्दीत मला शोधत होता. मी दिसल्यावर हसला. खेळच वाटला असणार त्याला. मी शिकवलेला खेळ. उठून पळून जावंसं वाटलं.

नावही बदललं. काकांच्या वडिलांचं ठेवलं, नरहर. आता तो माझा चुलतभाऊ. साखर वाटली. मी पदराला पुसून टाकली.

दमणी निघाली तेव्हा वेशीपर्यंत गेले नाही. माडीवर बसून राहिले. आईला कधीच क्षमा करणार नाही. कधीच!

माघ वद्य ६

अण्णांनी नवं लुगडं आणलं. घडी मोडली नाही.

फाल्गुन शुद्ध ३

एवढ्या दिवसांनी आज आई माझ्याजवळ येऊन बसली. मी उठायला लागले तर हात धरला. म्हणाली, त्याला मी चतुर्दशीलाच सांगितलं होतं, शेतात जायच्या आदल्या दिवशी. सगळं. थोडा रडला. मग म्हणाला, "ताईला उद्या सांगू नको. ती खेळणार नाही."