शाळेपुढचे स्पीडब्रेकर आणि कादिरकुलचा फोटो

४ मार्च, मंगळवार
आज एक टॅक्सी शाळेपुढून सुसाट गेली. नात माझा हात धरून होती; गाडीचा आरसा तिच्या दप्तराला घासून गेला. बस्स झालं. सात वर्षं स्पीडब्रेकर मागतोय, चौदा अर्ज दिले. या महिन्याच्या गावसभेत मंजूर करून घेतोच. तीस वर्षं बस चालवलीय मी, मला कोण शिकवणार?

७ मार्च
शेजारचा कादिरकुल चहाला आला. टॅक्सीवाल्यांचा म्होरक्या. ताटभर तळलेले बोरसोक फस्त करून म्हणतो, "सागिनाली, जागे पोलीस कमी पडले म्हणून आता झोपलेले आणतोस?" ड्रायव्हर लोक स्पीडब्रेकरला झोपलेला पोलीस म्हणतात. मी म्हटलं, तुझी गाडी आदळेल म्हणून शाळेतली पोरं मरू द्यायची? तर म्हणे, "तू मागतोयस ना, मग नाहीच होऊ देणार."
डेपोत असताना एकदा चारचौघांत झापलं होतं त्याला. अजून डूख धरून बसलाय. बसू दे.

११ मार्च
पेपरची बातमीदार घरी येऊन गेली, नेमका मी नव्हतो. बुरुल बोलली तिच्याशी. "सगळं सांगितलं, बाबा." सून हुशार आहे माझी. आता बातमी छापून आली की सभा आपलीच!

१३ मार्च
पेपर आला. 'शाळेसाठी झटणारे कादिरकुल'! खाली सगळं माझं — सात वर्षं, चौदा अर्ज — आणि फोटो त्याचा!
बुरुल मान खाली घालून म्हणाली, "सासऱ्यांचं नाव मी कसं घेणार? तिने गेल्या सभेचा फोटो पुढे केला, मी बोट दाखवलं." फोटोत आम्ही दोघं शेजारी, दोघांच्या पांढऱ्या टोप्या, दोघांच्या दाढ्या. घोटाळा झाला असणार. तिला काय बोलणार? सासऱ्याचं नाव तोंडातून येता कामा नये, हे लग्नात मीच बजावलं होतं.

१५ मार्च
कादिरकुल पेपरवाल्यांचं डोकं फोडायला निघाला होता. वाटेत नानच्या दुकानापाशी म्हाताऱ्यांनी गाठला, हात पसरून दुआ दिली. पुढे मुख्याध्यापिकाबाई भेटल्या, त्यांचे डोळे भरून आले. स्वारी तशीच घरी परतली.
मी कुंपणावरून विचारलं, "चूक दुरुस्त करायला सांगितलीस का?"
"बघू उद्या."

१९ मार्च
सभा. टॅक्सीवाले कादिरकुलवर तुटून पडले — गद्दार, बायकांचं ऐकतो, काय नि काय. हा उठला. "हो, मीच मागितले. कुणाची हरकत आहे?" एकाची छाती झाली नाही. दोन स्पीडब्रेकर मंजूर. शाळेतल्या पोरांचं माझं वाक्यसुद्धा त्याने स्वतःचं म्हणून ठोकलं.
पोटात दुखलं, खोटं कशाला लिहू? पण हात मीही वर केला.

२ एप्रिल
काल स्पीडब्रेकर बसले. आज चहा पिताना बुरुलला म्हटलं, "तुझ्या एका चुकीने काम झालं बघ."
ती चहा ओतत म्हणाली, "चूक नव्हती, बाबा. त्या बातमीदार मुलीने तुमचंच नाव लिहिलं होतं. मी खोडायला लावलं आणि कादिरकुलकाकांवर बोट ठेवलं. तुम्ही मागत होतात तोवर ते व्हायचं नव्हतं. हवं तर रागवा. पोर माझी आहे."